अध्यक्षांच्या भाषणाची डॉक्टर

जालना जिल्ह्यात बघण्यासारखं काय आहे, असं परत आल्यापासून मला जो तो विचारतोय. पुण्यातल्या माणसाला कुठेही गेलं की काहीतरी बघितलंच पाहिजे असं वाटतं. लेणी, किल्ला, निदान एखादा धबधबा. मी काही बघायला गेले नव्हते. भाषण द्यायला गेले होते, आणि खरं सांगायचं तर तेही मनापासून नाही. नाही म्हणायचा कंटाळा आला म्हणून हो म्हटलं होतं.

माझा विषय आधी सांगते, म्हणजे पुढचा घोळ कळेल. लांबलांबच्या देशांचे राष्ट्राध्यक्ष आपल्या लोकांशी काय बोलतात आणि कसं बोलतात, यावर मी आयुष्य घालवलंय. शपथ घेताना काय म्हणतात, लढाई सुरू करताना काय म्हणतात, पूर आला, माणसं मेली की टीव्हीवर येऊन काय म्हणतात. 'मी' कुठे म्हणतात, 'आपण' कुठे म्हणतात, आवंढा कुठे गिळतात. भाषणात मधेच गप्प होण्यावर तर माझा एक आख्खा निबंध आहे. सुरुवातीला मला या सगळ्याचं वेड होतं. आता वीट आलाय. पुढचं वाक्य काय येणार ते आधीच कळतं, आणि तेच येतं. गेल्या वर्षी माझी थोरली बहीण गेली. भेटायला येणारी माणसं समोर बसून धीराचे दोन शब्द बोलत होती आणि मी मनातल्या मनात त्यांना मार्क देत होते. मला रडूसुद्धा आलं नाही. तेव्हापासून भाषण हा शब्द ऐकला तरी डोकं दुखायला लागतं.

अशात अंबडच्या एका कॉलेजातून गजानन सरांचा फोन आला. ते तिथे राज्यशास्त्र शिकवतात. "मॅडम, एकच व्याख्यान. तुम्ही शहागडला उतरा, मी गाडी घेऊन येतो." विषय ठरला, 'राष्ट्राध्यक्षांची भाषणे आणि राजकीय संवाद'. दोन दिवसांनी पुन्हा फोन आला, की बॅनरवर एवढं मावत नाही, 'अध्यक्षीय भाषणे' केलं तर चालेल का. मी पेपर तपासत होते. म्हटलं, करा काय करायचं ते.

शहागड

गेवराई मागे टाकून गोदावरीचा पूल ओलांडला की शहागड. पुण्याहून एसटीत बसून बसून कंबरेचा पार भुगा झाला होता. कंडक्टर म्हणाला, "मावशी, उतरा जल्दी, मागं ट्रकांची लाईन लागली." उतरले. बॅग उतरली, तिचं एक चाक मात्र एसटीच्या पायरीत अडकलं आणि एसटीबरोबरच पुढे निघून गेलं. हायवेच्या कडेला पंक्चरची दुकानं, मोसंबीचे ढीग आणि ट्रकांचे हॉर्न. एका हॉटेलाबाहेरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत मी बसले आणि बिनसाखरेचा चहा मिळेल का असं विचारलं. हॉटेलवाल्यानं मला नीट न्याहाळलं. "बिनसाखरेचा? बिमार हाव का?" म्हणाला आणि साखरेचाच आणून दिला. वाद घालायचं त्राण नव्हतं. प्यायले.

गजानन सर आले ते घाईघाईत. चाळिशीचा, सडपातळ, सारखी माफी मागणारा माणूस. "मॅडम, अंबडला जायच्या आधी पाच मिनिटं आमच्या गावात काकांच्या घरी जाऊ. इथून जवळच, नदीकाठी. काकी दोन दिवसांपासून वाट बघून राह्यलीय." मला अंघोळ आणि पलंग एवढंच हवं होतं. पण मोडक्या बॅगेसकट बसले गाडीत.

काकी दारातच उभ्या होत्या. वयानं माझ्याहून फार मोठ्या नसाव्यात, माझ्या बहिणीएवढ्या. पण सगळे काकी म्हणतात म्हणून मीही काकीच म्हटलं. "या डाक्तरीनबाई," म्हणाल्या, पाण्याचा तांब्या हातात दिला आणि आत वळून हाक मारली, "आल्या बरं का."

आतून एक उंच म्हातारा माणूस बाहेर आला. उजवा पाय ओढत. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, धोतर, टोपी. दाढी नुकतीच केलेली, गालावर वस्तऱ्याचा एक ओरखडा. ते माझ्यासमोर खुर्चीत ताठ बसले. काकी त्यांना म्हणाल्या, "आ करा."

त्यांनी आ केला.

मला वाटलं, इकडची काही रीत असेल. पण काकी माझ्याकडे बघत होत्या, म्हातारबाबा जीभ काढून माझ्याकडे बघत होते, आणि गजानन सर जमिनीकडे बघत होते. काय करणार? मी वाकून जीभ बघितली. जिभेसारखी जीभ होती.

"कधीपासून बोलत नाहीत?" मी विचारलं. माझाच आवाज मला डॉक्टरसारखा वाटला.

"दिवाळीच्या पाडव्याला अंगावरून वारं गेलं," काकी म्हणाल्या. "जालन्याच्या डाक्तरानं हातपाय चालते केले, पर जीभ काही वळंना. येकच शब्द निघतोय." मग त्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "जेवले का हो तुमी?"

"बराबर," ते म्हणाले. काय आवाज होता. भांडी वाजली असती.

"का न्हाई जेवले?"

"बराबर."

"म्हंजे जेवले," काकींनी मला समजावलं. "बाकी सगळं समजतं त्यान्ला. रविवारी गुरुजींची शोकसभा हाय. तिथं ह्यान्लाच अध्यक्ष बसायचंय. तवर बोलतील का?"

मी म्हटलं, बघू. दुसरं काय म्हणणार होते. पाच मिनिटांसाठी गेले होते, तिथे भाकरी, येसराची आमटी आणि शेंगदाण्याची चटणी खाऊनच सुटका झाली. आमटी इतकी झणझणीत होती की डोळ्यांतून पाणी आलं, आणि काकींना वाटलं मी त्यांच्या दुःखानं कळवळले.

गाडीत बसल्यावर मी गजानन सरांना चांगलंच फैलावर घेतलं. ते बिचारे स्टिअरिंगला चिकटून बसले होते. "मॅडम, माझंच चुकलं. काकीला मी फोनवर म्हणलो, अध्यक्षीय भाषणाच्या डॉक्टर येऊन राह्यल्या. आता आमच्या गावात अध्यक्ष म्हणलं की एकच माणूस. रंगनाथकाका. तिला वाटलं, अध्यक्षांच्या भाषणाची डॉक्टर."

"मग सांगायचं नाही का लगेच?"

"सांगणारच होतो. पण फोन झाल्यावर काकांनी न्हावी बोलावला, मॅडम. दिवाळीपासून दाढीला हात लावू देत नव्हते."



मग अंबडपर्यंत त्यांनी रंगनाथरावांची कथा सांगितली. पूर्वी कधीतरी ते दूध सोसायटीचे अध्यक्ष होते. सोसायटी बंद पडली, अध्यक्ष हे नाव राहिलं. वडिलांची मेंढरं होती. लहानपणी नदीच्या या काठावरून त्या काठावरच्या कळपाला हाका मारून आवाज कमावलेला. गावात दोन पार्ट्या. एकीचा माणूस अध्यक्ष म्हणून दुसरीला चालत नाही, पण रंगनाथराव दोघींना चालतात. त्यामुळे शाळेचं गॅदरिंग असो, कुणाचा सत्कार असो, व्यायामशाळेचं उद्घाटन असो, अध्यक्ष ठरलेले. आणि सूत्रसंचालन करायला माणिक गुरुजी ठरलेले. दोघं जन्माचे मित्र. गुरुजी पंधरवड्यापूर्वी गेले, आणि रंगनाथराव अंत्यविधीलाही गेले नाहीत. तयार होऊन उंबऱ्यापर्यंत आले, उभे राहिले आणि परत जाऊन खाटेवर पडले. लोकांसमोर हे असं तोंड घेऊन जायची लाज.

"काकीला एकच भीती," गजानन सर म्हणाले. "रविवारी काका त्या खुर्चीत बसले नाहीत, तर परत कधी उंबरा ओलांडणार नाहीत. तशीच माणसं जातात, मॅडम. बघितलेत आम्ही."

अंबड

अंबडमध्ये एसटी स्टँडजवळच्या लॉजवर उतरले. गरम पाणी फक्त सकाळी येतं असं मॅनेजर म्हणाला, आणि सकाळी म्हणाला की आता संपलं. कोर्टाच्या तारखेला आलेली माणसं खाली फायली घेऊन चहा पीत होती. नाश्त्याला काय, असं विचारल्यावर मॅनेजर म्हणाला, "सुशीला आहे." मी म्हटलं, मग बोलवा त्यांना. तो गोंधळला, मी वैतागले. शेवटी फोडणी दिलेले ओलसर मुरमुरे समोर आले तेव्हा कळलं, सुशीला ती हीच. चवीला मात्र फार छान. आमच्या पोह्यांना जो एक शिष्टपणा असतो तो हिच्यात नाही.

व्याख्यानाचं काय सांगू. हॉलवर मोठा बॅनर, 'अध्यक्षीय भाषणे', आणि खाली माझा फोटो. हॉल खच्चून भरलेला. मी खूश झाले, पण थोड्याच वेळात लक्षात आलं की लोक वह्या उघडून बसलेत आणि मी लांबच्या देशांबद्दल बोलायला लागले की एकमेकांकडे बघतायत. प्रश्नोत्तरांत पहिलेच एक निवृत्त गृहस्थ उठले. "मॅडम, अध्यक्षांनी आभाराच्या आधी बोलावं, हे बराबर. पर आधीच्या वक्त्यांनी सगळंच बोलून टाकलं तर अध्यक्षांनी काय बोलावं?" सगळ्यांनी पेनं उचलली. मी म्हटलं, तुम्ही काय करता? ते म्हणाले, "आधीच्या वक्त्यांनी सगळं बोलून टाकलं, असं म्हणून पुन्हा सगळं बोलतो." मी म्हटलं, जगभर हेच चालतं. तेवढं एक वाक्य सगळ्यांनी लिहून घेतलं.

मग कार्यक्रमाच्या अध्यक्षांचं अध्यक्षीय भाषण झालं. ते माझ्या व्याख्यानाहून लांब होतं, आणि कुणी जागचं हललं नाही. पुण्यात कार्यक्रम वेळेवर सुरू होतो आणि अर्धी माणसं मधेच चप्पल शोधायला लागतात. इकडे सुरू कधी होईल ते सांगता येत नाही, पण अध्यक्ष बोलल्याशिवाय सभा संपत नाही, आणि सभा संपल्याशिवाय माणूस उठत नाही. मला उठायचं होतं. पाठ मोडून आली होती.

जांब

दुसऱ्या दिवशी पुण्याची गाडी पकडायची, असं मी ठरवलं होतं. सकाळीच खाली हॉर्न वाजला. गजानन सर, मागे काकी आणि शेजारी अध्यक्ष, पुन्हा त्याच कडक इस्त्रीत. काकींना जांब समर्थला नारळ फोडायचा होता. नवस बोलल्या होत्या. डॉक्टरीणबाई पण पाहिजेत म्हणाल्या, म्हणजे देव आणि डॉक्टर दोन्ही बाजूंनी काम होईल.

रस्ता मोसंबीच्या बागांमधून जातो. मधे कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्या, मधे उसाच्या बैलगाड्या. गजानन सर वातावरण हलकं करायला बोलत होते. "काकांचं भाषण लै लांबायचं, मॅडम. सुरू झालं की थांबणं माहीतच न्हाई. गुरुजी उजव्या अंगाला उभे राहायचे. लोक चुळबुळ करायला लागले की काकांच्या कानाशी वाकून विचारायचे, 'बराबर?' मंग काका माईकमधून म्हणायचे, 'बराबर', आणि खाली बसायचे. ते ऐकलं की सगळे धोतरं झटकत उठायचे. बारकी लेकरंसुद्धा." माझ्या शेजारी काकी हसल्या. अध्यक्ष खिडकीबाहेर बघत होते. मीही हसले आणि विसरले.

समर्थांच्या जन्मस्थानी गर्दी नव्हती. सावलीत बरं वाटत होतं. नारळ फोडून झाला, काकींनी तीर्थ नवऱ्याच्या जिभेवर सोडलं आणि वाट बघितली. अध्यक्षांनी वाट बघितली. मग काकी माझ्याकडे वळल्या, आता तुम्ही, अशा नजरेनं. माझ्यानं ते सहन होईना. मी त्यांना पायऱ्यांवर घेऊन बसले आणि म्हटलं, "काकी, मी ती डॉक्टर नव्हे."

त्यांनी फोडलेल्या नारळाची वाटी पिशवीत ठेवली. मग म्हणाल्या, "ठावं हाय."

"म्हणजे?"

"जीभ बघताना तुमी चष्मा कपाळावरच ठिवला व्हता. जालन्याचा डाक्तर बॅटरी लावून बघायचा."

"मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

"ह्यांनी दाढी केल्ती." त्यांनी पदराच्या टोकाला पीळ दिला. "कसं बोलू? तुमी न्हाई डाक्तर म्हणल्यावर पुन्हा भिंतीकडं तोंड करून निजले असते. म्हणलं, रविवारपस्तोर चालू दे."

मागून मोठा आवाज आला, "बराबर." आम्ही दोघी दचकलो. अध्यक्ष खांबाला टेकून उभे होते आणि त्यांच्या वाकड्या तोंडावर हसू होतं. म्हणजे तिघांनाही माहीत होतं, आणि तिघंही एकमेकांसाठी सोंग करत होतो. त्या दिवसात पहिल्यांदा मला थोडं हलकं वाटलं.

"मंग तुमी कशाच्या डाक्तर?" काकींनी विचारलं.

मी सांगितलं. देश बुडायला लागला, माणसं मेली, की तिकडचे अध्यक्ष उठून बोलतात. आधी गेलेल्याचं नाव घेतात, मग तो कसा होता ते सांगतात, मग राहिलेल्यांना धीर देतात. बहुतेक वेळा भाषण दुसऱ्यानं लिहिलेलं असतं, ते फक्त वाचतात.

"लिवणारा येगळा आन् बोलणारा येगळा? मंग भाषन कुनाचं धरायचं?"

याच प्रश्नावर आमच्या विषयात माणसं नोकऱ्या करतात, असं मी त्यांना सांगितलं नाही.

"मंग ह्यान्ला पण लिवून द्या," त्या म्हणाल्या. "भाषनाचंच तर काम हाय."

आणि मी बसले की लिहायला. तिथेच पायऱ्यांवर. सगळं भाषण प्रश्नांचं केलं. गजानन सरांनी विचारायचं, 'माणिक गुरुजींनी या गावाच्या दोन पिढ्या शिकवल्या, अध्यक्ष?' आणि यांनी म्हणायचं, 'बराबर.' 'त्यांच्यावाचून शाळेला अवकळा आली, अध्यक्ष?' 'बराबर.' एका शब्दावर उभं राहणारं भाषण. राष्ट्राध्यक्षांना लिहून देणाऱ्यांनाही सुचलं नसतं, असं मला वाटलं. किती तरी वर्षांनी मी माझ्या कामावर खूश झाले होते. गजानन सरांनी ते वाचून दाखवलं.

अध्यक्षांनी शांतपणे शेवटपर्यंत ऐकलं. मग डाव्या हातानं कागद हळूच माझ्याकडे सरकवला. "बराबर," म्हणाले. यावेळी आवाज खालचा होता.

"न्हाई म्हणतेत," काकी म्हणाल्या. "कागदावरून कवाच बोलले न्हाईत ते."

परतीच्या वाटेत काकी मोसंबी सोलत होत्या आणि कुणीच खात नव्हतं. मला राग आला होता, थोडा अध्यक्षांचा आणि बराचसा स्वतःचा. नको त्या भानगडीत पडले असं वाटत होतं. गावाच्या फाट्यावर काकी उतरता उतरता म्हणाल्या, "रविवारपस्तोर राहा. ह्यान्ला आता तुमची सवय झाली." खरं तर सवय त्यांनाच झाली होती. मी राहिले. पुन्हा एसटीत बसायचा तरी कुठे उत्साह होता.

गुरुजींची शोकसभा

शाळेसमोर मांडव घातला होता. टेबलावर गुरुजींचा हार घातलेला फोटो, शेजारी अध्यक्षांची रिकामी खुर्ची. अख्खं गाव सतरंज्यांवर बसलेलं, एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका. रंगनाथराव आले होते. उंबरा ओलांडला होता. पण ते मांडवाच्या कडेला, शेवटच्या बाकावर बसले होते, आणि माणसं येऊन त्यांचे हात हातात घेत होती, तेव्हा ते एक शब्दही उच्चारत नव्हते. 'बराबर'सुद्धा नाही. ओठ घट्ट मिटलेले. काकी बायकांमध्ये माझ्या शेजारी बसल्या होत्या. 

इकडे अजून सूचना आणि अनुमोदन पाळतात. एकानं उठून अध्यक्षांचं नाव सुचवायचं, दुसऱ्यानं त्याला अनुमोदन द्यायचं, मगच माणूस खुर्चीत बसतो. आमच्याकडे पुण्यात हे कधीच मोडीत निघालं, नाव पत्रिकेतच छापून येतं. गजानन सर माईकपाशी गेले. "आजच्या सभेचं अध्यक्षस्थान रंगनाथकाकांनी स्वीकारावं, अशी मी सूचना मांडतो."

अनुमोदनाला कुणीच उठलं नाही. अनुमोदन नेहमी कोण द्यायचं, हेही बहुतेक गुरुजीच ठरवून ठेवत असावेत. मग एका पार्टीचे पुढारी उठले. "काकांची तब्येत पाहता, त्यान्ला तकलीफ नको. मला वाटतं, आज—" लगेच दुसऱ्या पार्टीचेही उठले. दोघांच्याही खिशात आपापलं नाव होतं. रंगनाथरावांनी मान खाली घातली आणि बाकावरची काठी चाचपली. ते निघाले होते.

माझ्या शेजारून आवाज आला. "माझं अनुमोदन हाय."

काकी उभ्या होत्या. आयुष्यात नवऱ्याचं नाव कधी न घेतलेली ती बाई डोक्यावरचा पदर सावरत उभी होती, आणि सगळा मांडव मान वळवून तिच्याकडे बघत होता. सूचना झाली, अनुमोदन झालं, त्यावर पुढे बोलायची रीत नाही. दोन्ही पुढारी खाली बसले. रंगनाथराव पाय ओढत पुढे गेले आणि खुर्चीत बसले.

मग भाषणं झाली. न भरून येणारी पोकळी, हाडाचे शिक्षक, दुःखाचा डोंगर. मी सवयीनं मार्क देत बसले. कुणी नापास नव्हतं, कुणी पासही नव्हतं. शेवटी गजानन सर उठले. "आता मी अध्यक्षांना विनंती करतो."

अध्यक्ष उभे राहिले. डाव्या हातानं टेबल धरलं आणि समोर बघितलं. काही आलं नाही. ओठ हलले, गळ्याची शीर फुगली, आणि काही आलं नाही. मी खाली बघितलं. मला ते बघवेना. आता कुणीतरी उठेल, त्यांना हाताला धरून बसवेल आणि सगळं संपेल, असं मला वाटलं. पण अध्यक्ष बोलल्याशिवाय सभा संपत नाही. कुणी उठलं नाही.

मी वर बघितलं तेव्हा ते बोलत होते. आवाज नव्हता, पण बोलत होते. डावा हात टेबलावरून सुटला होता आणि हवेत फिरत होता. एकदा तो नदीकडे गेला, एकदा शाळेच्या पत्र्याकडे. एकदा त्यांनी फोटोकडे बोट दाखवलं आणि खांदे हलले, काहीतरी गमतीचं आठवलं असणार, कारण पुरुषांच्या बाजूला दोन म्हातारे तोंडावर हात धरून हसले. त्यांना बहुतेक कळलं होतं कोणती गोष्ट चालली आहे ते. मग हात छातीशी आला आणि तिथे बराच वेळ राहिला. कुणी खोकलं नाही. आख्खा मांडव ऐकत होता, आणि मी, जिला पुढचं वाक्य आधीच कळतं, तिला एकही वाक्य कळत नव्हतं, आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मला माझी बहीण आठवत होती. मार्क द्यायचं मी विसरले होते.

ते किती वेळ उभे होते कुणास ठाऊक. उन्हं मांडवाच्या आत आली. लोक थोडे चुळबुळायला लागले. आणि मग अध्यक्ष एकदम उजवीकडे झुकले, लुळ्या बाजूला. गजानन सर धावले, त्यांना वाटलं काका पडले. माझ्या शेजारून काकींनी हात वर केला. "ऱ्हाऊ दे. पडत न्हाईत."

ते पडत नव्हते. ते कान देत होते. उजवीकडच्या रिकाम्या जागेकडे मान कलती करून ते ऐकत होते. मग त्यांनी मान हलवली, माईककडे तोंड नेलं आणि म्हणाले,

"बराबर."

आणि खाली बसले.

तोच आवाज, नदीच्या पलीकडे जाणारा. सगळा गाव उठला. कुणी सांगितलं नाही, तरी उठला. आभार राहिले, सभा संपल्याचं जाहीर करायचं राहिलं, पण पोरं, म्हातारी माणसं, दोन्ही पार्ट्यांचे पुढारी, सगळे कपडे झटकत उभे राहिले. गुरुजींची बायको पुढे गेली आणि अध्यक्षांच्या पाया पडली, आणि अध्यक्ष डाव्या हातानं डोळे पुसत होते.

आमच्या जवळून मघाचे दोन म्हातारे धोतर झटकत निघाले होते. एक दुसऱ्याला म्हणाला, "जरा लांबलंच. अध्यक्षांचं नेहमीचंच हाय."

काकींनी ते ऐकलं. डोळे पुसले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आज थांबवणारं कोन व्हतं?"